गीतांजलीचं बायो आणि माझा सखोल विचार

तीर्थस्वरूप सत्यभामाताईस,

धाकट्या किसनचा दर्यापुराकडून वाकून नमस्कार. (वाकलो तेव्हा कंबर धरली, ती सुटल्यावर पत्राला बसलो.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर उतरली का, की अजून चोरून पेढे खाणं चालूच आहे? इकडे सर्व कुशल. कपाशीला डवरे देऊन तण काढून झालं, सोयाबीन बरं आहे, म्हैस आटली आहे आणि तुझी भावजय साधना माझ्याशी कामापुरतंच बोलते. या शेवटच्या गोष्टीचा खुलासा पुढे येईल. खरं म्हणजे फोन करता आला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला हसायला लागतेस आणि मग मला पुढचं सुचत नाही. पत्र वाचून कितीही हसलीस तरी मला इथे ऐकू येणार नाही. भागीरथाबाई उद्या सकाळी भाजी घेऊन अकोल्याच्या बाजारात येणार आहे, तिच्या हाती हे पाकीट पाठवतो.

आपली गीतांजली दहावीला ब्याण्णव टक्के घेऊन पास झाली, हे तुला ठाऊकच आहे. (पेढे तूच पाठवले होतेस. भाऊजींचा विषय त्यावरूनच निघाला.) तिला डॉक्टर व्हायचं आहे, हेही ठाऊक आहे. सहावीत असताना तिने आमच्या शेळीच्या पायाला दोन काड्या बांधून पट्टी केली होती आणि शेळी त्या पायावर चालली होती, तेव्हापासून घरात या बाबतीत दुसरं मत नाही. राहता राहिला अकरावीचा फॉर्म. आता फॉर्म म्हटल्यावर घरात दुसऱ्या कोणाकडे पाहायचं कारणच नव्हतं. पीकविमा असो, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो की विजेच्या मीटरची तक्रार असो, गावातला माणूस आधी माझ्या ओट्यावर येतो. वीस वर्षांत माझा एक अर्ज परत आलेला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढची गोष्ट समजावी म्हणून सांगतो.

तर कॉलेजात प्रवेश पक्का करायचा दिवस आला आणि नेमकं त्याच दिवशी धामणगाव रेल्वे गावी साधनाच्या भावाकडे बारसं निघालं. मायलेकी तिकडे गेल्या. जाताना गीताने फॉर्मवर सही केली आणि वेगळ्या चिठ्ठीवर सहा विषय लिहून दिले: इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ आणि बायो. मला म्हणाली की बाबा, फक्त उतरवून काढा. ताई, हेच मला लागलं. ज्या माणसाने तहसीलदाराला कलम दाखवून अर्ज मंजूर करून घेतले, त्याला नुसतं उतरवून काढायला सांगतात. तरी मी चिठ्ठी खिशात घातली आणि काळीपिवळी जीपमध्ये सात माणसांच्या जागी बारावा म्हणून बसलो.

कॉलेजच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. माझ्यापुढे एक येवद्याकडचे गृहस्थ होते, त्यांनी मुलासाठी क्रॉप सायन्स घेतलं होतं. मी विचारलं, हे काय असतं? ते म्हणाले, दोनशे मार्कांचा विषय आहे, बायफोकल म्हणतात, कपाशी, तूर, सोयाबीन, खत, फवारा असलं सारं त्यात येतं, आणि प्रॅक्टिकलला वेगळं काही शिकावं लागत नाही, पोराला वावरात उभं केलं की झालं. ताई, माझे डोळेच उघडले. दोनशे मार्क घरात पडलेले आणि पोरगी चिठ्ठीवर मराठी लिहून देते! (मराठी तर ती आईशी भांडताना रोजच बोलते.) खिडकीवरच्या बाबूंना विचारलं तर ते म्हणाले की क्रॉप सायन्स घ्या, पण मग मराठी जाईल, शिवाय मॅथ आणि बायो यांतला एकच विषय ठेवता येईल. कोणता ठेवायचा ते लवकर सांगा, मागे रांग आहे.

इथे मी विचार केला. तो कसा केला हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो, म्हणजे मी काही आंधळेपणाने खूण केली नाही हे तुला पटेल. बायो म्हणजे काय, तर जिवंत वस्तूंचा अभ्यास. कपाशी जिवंत आहे. तिला मूळ आहे, पान आहे, तिला रोग होतो, आपण औषध देतो. म्हणजे क्रॉप सायन्समध्ये बायो आलंच. मग तोच विषय दोनदा कशाला घ्यायचा? उलट मॅथ सोडलं तर डॉक्टर गोळ्यांचा हिशेब कसा करणार? फवाऱ्याच्या पंपात औषध किती मिली टाकायचं इथेच आपल्या गावातले लोक चुकतात, तिथे तर माणसाचा जीव. शिवाय डॉक्टर नाही जमलं तर इंजिनियर आहेच. असा चहूबाजूंनी विचार करून मी बायो कापलं आणि मॅथवर खूण केली. फॉर्मच्या शेवटी 'पालकांचे मत' असा रकाना होता. लोक तो रिकामा सोडतात. मी त्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'सखोल विचार करून निवड केली आहे. बदल नको.' खाली सही केली, पूर्ण नावाची.

परतीच्या वाटेवर पुस्तकंही घेऊन टाकली. मायलेकी तिसऱ्या दिवशी आल्या. गीताने पुस्तकांचा गठ्ठा सोडला, एकेक पुस्तक बाजूला ठेवलं, मग पिशवी उलटी करून झटकली. मी पुढे होऊन सगळी योजना समजावून सांगितली, गोळ्यांच्या हिशेबासकट. ती रडली असती तर मी समजूत काढली असती, भांडली असती तर आवाज चढवला असता. तिने दोन्ही केलं नाही. क्रॉप सायन्सचं पुस्तक उघडून बोंडअळीचं चित्र माझ्यासमोर धरलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, नीटच्या पेपरात बोंडअळीवर इलाज विचारत नाहीत."

तरीही मला वाटलं, पोर आहे, तिला काय कळतं. दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडजवळच्या नितेशच्या दवाखान्यात गेलो. (लीलाबाईचा नितेश, तुझ्या लग्नात पंगतीत झोपलेला. आता लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात.) त्याने पेशंटला बाहेर बसवून माझं सगळं ऐकून घेतलं, मग कागदावर आकडे लिहून दाखवले. नीटचा पेपर सातशेवीस मार्कांचा, त्यात एकट्या बायोचे तीनशेसाठ. म्हणजे ताई, पोरगी परीक्षेला बसायच्या दोन वर्षं आधी मी तिचा अर्धा पेपर खिडकीवर परत करून आलो होतो. मी म्हटलं, मागाहून बायोचा वेगळा पेपर देता येत असेल की. तो म्हणाला, "काका, नियमात देता येत असन, पन दोन वर्सं बायो न शिकता ते पोरगी नीटले बसन कशी? आजच्या आज बदलून घ्या." आणि माझं ब्लडप्रेशर तपासलं. फी घेतली नाही, त्यावरून मी काय ते समजलो.

तसाच कॉलेजात गेलो. बाबू भला माणूस निघाला. म्हणाला, विषय बदलता येतो, शुक्रवारपर्यंत अर्ज द्या, त्यात बदलाचं कारण लिहा आणि घरच्या कोणत्याही मोठ्या माणसाची सही आणा. मग त्याने माझा जुना फॉर्म काढला आणि 'सखोल विचार करून निवड केली आहे, बदल नको' हे रांगेतल्या वीस-पंचवीस पालकांना ऐकू जाईल असं वाचलं. त्या रांगेत आपल्या गावचे तिघे होते.

त्या दिवसापासून मी अर्ज लिहितो आहे. पहिल्या अर्जात लिहिलं की खिडकीवर गर्दी असल्यामुळे खूण भलतीकडे पडली. पण खूण चौकटीच्या अगदी मधोमध आहे. दुसऱ्यात चष्म्याचा नंबर बदलल्याचं लिहिलं, आणि ते मी चष्म्याशिवाय लिहून बसलो. तिसऱ्यात शासनाच्या शैक्षणिक धोरणावर दीड पान झालं आणि बायो कुठे आलंच नाही. लिहायचं खरं म्हणजे तीनच शब्द आहेत, तुलाही ठाऊक आहेत. पण ताई, 'माझी चूक झाली' असं खाली सही करून कॉलेजच्या फायलीत कायमचं ठेवायचं, आणि उद्या कोणी पीकविम्याचा अर्ज घेऊन ओट्यावर आलं तर त्याच्याकडे कोणत्या तोंडाने पाहायचं? पोरीच्या बायोसाठी मी वावर विकेन असं साधनाला म्हणालो. ती म्हणाली, "वावर राहू द्या, एक ओळ लिहा." तेव्हापासून कामापुरतं बोलणं चालू आहे, हा तो खुलासा. गीता मात्र नेहमीसारखीच वागते, वेळेवर चहा देते, त्याने मला जास्त वाईट वाटतं. रात्री डोळ्यांसमोर ती शेळी येते.

असो. फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, नातवाला पापा. गुडघ्याला एरंडाचं तेल लावत जा.

तुझा धाकटा,
किसन

ता. क. भागीरथाबाईजवळ एक पायली तूरडाळ आणि थोड्या मेथीच्या जुड्या देतो आहे. पोचल्याचं तिच्याजवळच सांग.

ता. क. २. डाळीच्या पिशवीत तळाशी एक घडी केलेला अर्ज आहे. घाबरू नकोस, मीच लिहिला आहे, चौथा. त्यात विषय बदलाचं कारण 'मुलीच्या आत्याने क्रॉप सायन्सचा फार आग्रह केल्यामुळे निवड चुकली' असं दिलं आहे. तू अकोल्याला राहतेस, कॉलेजात तुला कोण ओळखतं? घरच्या कोणत्याही मोठ्या माणसाची सही चालते, तेव्हा जिथे फुली मारली आहे तिथे सही कर आणि भागीरथाबाईच्या परतीच्या ऑटोने पाठव. लहानपणी तुझी शाईची दौत मी सांडली होती तेव्हा मार तू खाल्ला होतास, एवढं याही वेळी सांभाळून घे.

ता. क. ३. आत्या, मी गीता. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहून राहिली. सही करू नको. घरच्या कोणत्याही मोठ्या माणसाची सही चालते म्हटल्यावर आईनेच केली आणि सोमवारीच आम्ही दोघी जाऊन अर्ज देऊन आलो. मला बायो मिळालं, आणि मॅथही राहिलं. कारणाच्या रकान्यात आईने एकच ओळ लिहिली, "शिकायचं पोरीले आहे." बाबू हसले आणि शिक्का मारला. बाबांना अजून सांगितलं नाही. तीन दिवस झाले, ते रोज सकाळी चहा घेताना मला विचारतात, "गीता, तुले काय वाटते?" आतापर्यंत कधी विचारलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत विचारू दे.