चावी बरोबर लागली

वरूड,
सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप बाईस, मुक्काम वलगाव,

धाकट्या भावाचा, उत्तमचा पायांवर डोकं ठेवून दंडवत. तुझा खोकला कसा आहे? मागे पाठवलेला मध संपला असेल तर कळव, आणि खोकला संपला असेल तर तेही कळव. इकडे मी बरा आहे, मृगाच्या बहाराची संत्री झाडावर रंग धरू लागली आहेत, म्हैस कधीही विईल. वच्छला खुशाल असावी. (बायको घरची असून ‘असावी’ का लिहितो, ते पुढे येईलच. पाणी जवळ घेऊन बस.)

तू म्हणशील, हातात फोन असताना हा गडी पत्र का लिहितो. बाई, फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो बाई’ म्हणतो. परवा अंकुरच्या लग्नाचा मंडप पिवळा सांगितलाय एवढं कळवायला तुला फोन केला, आणि फोन ठेवला तेव्हा मंडप गुलाबी झाला होता. (गुलाबीही चांगलाच दिसेल, तक्रार नाही.) पत्रात मधे बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप. माघातला मुहूर्त तोंडावर आला आहे आणि नवरा मुलगा म्हणतो, आमचं ऐकणार नसाल तर आम्ही रजिस्टर लग्न करून मोकळे होतो, तुम्हाला पेढे आणून देऊ. पेढे, बाई! एकुलत्या एका मुलाच्या लग्नाचे पेढे मी घरबसल्या खायचे! त्या दिवशी मला जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही.

मूळ भानगड चावीची. अंकुर अमरावतीला बँकेत लागला आणि साईनगरात दुसऱ्या मजल्यावर त्यानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, हे तुला ठाऊकच आहे. घर बघायला गेलो त्याच दिवशी मी राजापेठेत जाऊन एक जादा चावी करून आणली. बापानं करायची नाही तर काय गल्लीतल्या लोकांनी करायची? पुढे मधून मधून जात होतो, पोरगा बँकेत असताना घर ठीकठाक करून येत होतो. त्याचे पाय दक्षिणेकडे होत होते, पलंग फिरवला. चादरी काळ्या होत्या, फुलांच्या टाकल्या. यात वावगं काय? तर त्यानं चावी परत मागितली. मी दिली. अर्थात देण्याआधी तिच्यावरून दुसरी करून घेतली. तीही त्यानं पकडली आणि मागितली, तीही दिली. अर्थात. (राजापेठेतला चावीवाला आता मला दुरून हात करतो.)

साखरपुड्यात सूनबाई, म्हणजे अकोल्याची रेणुका, पाया पडून मोठ्या नम्रपणे म्हणाली होती, “बाबा, आमचं घर आमी दोघं मिळून लावू.” आम्ही सगळे हसलो. लहान लेकरू ‘मी ट्रॅक्टर चालवतो’ म्हणालं की हसतात तसे. मग गेल्या गुरुवारी आम्ही घर लावायला निघालो. छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं केला, त्यात आपल्या बांधावरच्या सागाचा दिवाण, धान्याची मोठी कोठी, पाटा-वरवंटा आणि आबांचा हार घातलेला फोटो. वच्छला म्हणाली, “अवो, एक फोन करू का त्याले?” मी म्हणालो, “आपल्याच पोराच्या घरी जायले फोन कायले लागते?” बाई, तू कधी फोन करून आली आहेस का आमच्याकडे? आपल्या घराण्यात ती पद्धतच नाही.

चावी बरोबर लागली. एका फेऱ्यात दार उघडलं. आत पाऊल टाकतो तर दोरीवर बाईमाणसाचं लुगडं वाळत घातलेलं! आरशाला टिकल्या लावलेल्या! मोरीत केसांचा आकडा! लग्नाला अजून अवकाश, हळद लागायची आहे, आणि ही पोरगी आधीच येऊन राहिली? ड्रायव्हरनं वर आणून टाकलेल्या दिवाणावर मी बसलो. वच्छला कोठीवर बसली. हत्तीचा ड्रायव्हर उभ्याउभ्याच म्हणाला, “आजकाल चालते काका.” त्याला मी भाडं देऊन रवाना केलं.

अंकुरला मुद्दाम फोन केला नाही. फोन केला तो अकोल्याला रेणुकाच्या वडिलांना, शेखररावांना. आपले इवाई जन्मभर एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, आणि रिटायर झाल्यावर ते नियंत्रण त्यांनी घरी आणलं. कोण कुठं निघालं, किती वाजता पोचणार, सगळं ते खिडकीत बसून मोठ्यानं सांगतात. मी बातमी दिली तर म्हणाले, “मी मोबाइलवर पाहूनच राहिलो ना! पोट्टी म्हने साडी घ्याले जातो, अन ठिपका सकाळपासून साईनगरातच उभा हाये!” (मुलगी कुठं आहे ते त्यांना मोबाइलमध्ये ठिपक्यानं दिसतं. मला हे यंत्र ठाऊक नव्हतं, नाहीतर चाव्यांचा खर्च वाचला असता.) लगेच विहीणबाई चंदाताईंना घेऊन ते निघाले.

ते येईपर्यंत काय करायचं? नुसत्या हातानं दुःख करत बसायची आपल्यात रीत नाही. आम्ही घर लावायला घेतलं. फ्रीज चुकीच्या जागी होता, तो ओढून खिडकीखाली आणला. देव ईशान्येला नेले. लोखंडी पलंग घडी करून गच्चीच्या जिन्यात टाकला आणि तिथं दिवाण मांडला. आबांचा फोटो समोरच्या भिंतीवर ठोकला. वच्छलानं रडत रडत सगळं स्वयंपाकघर आपल्या घरासारखं लावलं. आणि लावता लावता एकेक वस्तू सापडायला लागली. गुडघ्याला बांधायचा पट्टा. रक्तदाबाच्या गोळ्या. मोठ्या अक्षरांचं पंचांग. वच्छला म्हणाली, “अवो, पोरगी तर धडधाकट दिसत होती.” मग खिडकीत एक पेला सापडला. पेल्यात पाणी आणि पाण्यात कवळी.

बाई, मी आयुष्यात गारपीट पाहिली, झाडं काळी करणारी कोळशी पाहिली, रात्रीतून शेंबडासारखी गळालेली संत्री पाहिली, पण असा हादरलो नव्हतो. सत्तावीस वर्षांची नवरी आणि वर-खाली दोन्ही कवळ्या! इतकी मोठी गोष्ट लपवून ठेवली! तेवढ्यात शेखरराव आणि चंदाताई जिना चढून आले. मी पेला समोर धरला आणि म्हणालो, इवाई, दाखवायच्या वेळी हे का नाही सांगितलं? त्यांचा चेहरा असा झाला, जणू शेवटची गाडी डोळ्यांसमोर रद्द झाली. “माह्या पोरीचे बत्तीसच्या बत्तीस दात हायेत!” असं ते ओरडले. मी म्हणालो, हो, पेल्यात आहेत. शब्दानं शब्द वाढला. चंदाताई कोठीवर वच्छलाशेजारी बसून रडू लागल्या. लग्न मोडायला आता नुसतं ‘मोडलं’ म्हणायचं बाकी होतं.

आणि दारात एक ठेंगण्या बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या. पांढरे केस, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. आमच्या चौघांकडे पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं, आबांच्या फोटोकडे पाहिलं. आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, “तुमी कोन व्हय? अन माहा फ्रीज कुठी गेला?”

बाई, ते घर आता अंकुरचं नव्हतं. मैनाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिकेचं होतं. (कवळी त्यांची जुनी, नवी तोंडात होती.) अंकुर गेल्या महिन्यातच त्याच इमारतीत एक मजला वर राहायला गेला होता आणि मला बोलला नव्हता. मैनाबाईंनी अंकुरच्याच भरवशावर जुनं कुलूप तसंच ठेवलं होतं. आरडाओरडा ऐकून वरून अंकुर आणि रेणुका खाली आले, दोघांच्या अंगावर चुन्याचे शिंतोडे, रजा टाकून त्यांचं घर रंगवणं चाललेलं. मी विचारलं, अरे, बापाला न सांगता घर बदललंस? तर पोरगा अगदी शांतपणे, मला जास्त लागेल अशा बेतानं म्हणाला, “बाबा, कुलूप बदललं असतं तर तुमाले राग आला असता. म्हनून घर बदललं.”

पुढचं तो जिन्यातच बोलला. फोन करून या, आम्ही या म्हटलं की या, वरच्या घराची चावी कोणालाच मिळणार नाही, आणि फ्रीज आम्ही ठेवू तिथं राहील. पटत नसेल तर रजिस्टर लग्न आणि ते वर लिहिलेले पेढे. वर मला शेती शिकवायला लागला: “आंबिया बहारासाठी झाडाले ताण देता ना बाबा? पानी तोडता, अन झाडाले आपलं आपलं राहू देता. मंग रोज उकरून पाहता का?” मी म्हणालो, रोज पाहतो! पाहायला काय जातं? तर रेणुका हसली. सगळेच्या सगळे दात दिसले. मग तिनं शेखररावांच्या हातातून मोबाइल घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला. ठिपका गेला. इवाई त्या मोबाइलकडे इतका वेळ पाहत राहिले की मला त्यांची दया आली. कवळीबद्दल मी तिथंच त्यांची माफी मागितली.

तुला वाटेल की एवढ्यावर भागलं. खरा धक्का पुढेच आहे. मैनाबाई मोठ्या मनाच्या, पोलिसांना बोलवायचं सोडून त्या आमच्यासाठी चहा टाकायला गेल्या. तर चहापत्तीचा डबा सापडेना. तो वच्छलानं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता. “चहाचा डबा इतक्या वर कोन ठेवते माय?” असं त्यांनी विचारलं. वच्छला म्हणाली, “आमच्या अठी तठीच असते.” काहून म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मी लग्न होऊन आली तवा वन्संनी स्वयंपाकघर लावून देल्लं होतं. डबा तठीच हाये. मी पाटावर चढून काढतो.” इतकंच. तक्रारीचा सूरही नव्हता. पण बाई, मला हे ठाऊक नव्हतं. मला चहा हातात मिळतो. घरातली सगळी उंची तुझ्या वाट्याला आली, तुझ्या हाताला ती फळी बरोबर येत होती, हे मी समजू शकतो. पण वच्छला रोज सकाळी, गुडघे दुखत असतानाही, पाटावर चढते आणि अंकुर जन्मला त्याच्या आधीपासून चढते आहे, हे ऐकून मी तो चहा तसाच खाली ठेवला. अंकुरनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्यावरच सोडलं, हे त्याचे उपकार.

निघायच्या वेळी मी चप्पल घातली, तर वच्छला उठेचना. म्हणाली, “तुमी व्हा पुढं. मी ह्या बाईंचं घर जसं होतं तसं लावून देतो, मंग येतो.” एका घराला किती वेळ लागतो? आज सोमवार. रोज संध्याकाळी मी फोन करतो, कधी येतेस विचारतो, आणि ती एवढंच विचारते, “डबा खाली आला का?” लग्नघरात मी आणि म्हैस, दोघंच आहोत.

तूच सांग आता, अशा पोरांना काय म्हणावं? आई वारल्यावर मला तूच वाढवलंस, तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहो. (पत्र पूर्ण वाचून झाल्यावरही राहो.)

तुझा,
उत्तम

ता. क. अक्षर वाकडं आलं आहे ते कंबरेमुळे. काल सकाळी चहा करायला मी स्वतः पाटावर चढलो. पाट सरकला. घाबरू नकोस, डबा मिळाला.

ता. क. २. डबा आता ओट्याजवळच्या फळीवर आहे. तू शुक्रवारी येऊन लग्नाचं घर लावून देणार आहेस, त्यात कृपा करून त्याला हात लावू नकोस.

ता. क. ३. खरं म्हणजे, बाई, शुक्रवारी येऊ नकोस. आधी फोन कर. मला नको, वच्छलाला कर. ती ये म्हणेल तेव्हा ये, आणि मंडप पिवळाच राहील. हे अक्षर माझंच आहे, कोणी हात धरून लिहवून घेतलेलं नाही.

ता. क. ४. आपल्या दाराचं कुलूप काल बदलून घेतलं. तुझ्याजवळची चावी लागणार नाही. तुला राग येऊ नये म्हणून आधी घरच बदलावं असं मनात आलं होतं, पण संत्र्याची बाग उचलून नेता येईना.

ता. क. ५. नव्या कुलपाच्या दोन्ही चाव्या पहाटेच्या संत्र्याच्या गाडीबरोबर वच्छलाकडे अमरावतीला पाठवल्या. नवं कुलूप नुसतं दार ओढलं की लागतं, हे मला पत्र टाकायला बाहेर पडून दार ओढल्यावर कळलं. तेव्हा हे शेवटचं पायरीवर बसून लिहितो आहे. आत्ताच तिला फोन केला आणि विचारलं, घरात येऊ का? म्हणाली, “इचारलं ना, मंग या. मी गाडीतच बसली हावो.”