मागची डावी बाजू

१८ मार्च, सिंदेवाही

आले एकदाची! भद्रावतीहून निघताना बाबांचं तोंड वाकडंच होतं. पोरगी गॅरेजात हात काळे करणार, हे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत सांगायचं कसं, ही त्यांची अडचण. पण बस सुटता सुटता त्यांनीच माझी पान्यांची पेटी खिडकीतून आत सरकवली.

हेमराजभाऊंचं गॅरेज नागभीडच्या रस्त्यावर, गावातली घरं संपतात तिथं. मागे धानाच्या सुकलेल्या बांध्या, म्हणजे खाचरं, त्यापलीकडे लगेच जंगल. मोहाचा गोड वास इथवर येतो. भाऊंनी माझा आयटीआयचा कागद बघितलाच नाही. एक जीप चालू करून दिली आणि काय बिघडलंय ते ऐकून सांग म्हणाले. मी सांगितलं. "बाई, उद्यापासून खड्डा तुहा," ते म्हणाले. गाडीखाली उतरून काम करायचा तो खड्डा. मला हसूच आलं.

२० मार्च

आज मनासारखं काम आलं. राइस मिलवाल्यांचा प्रफुल पांढरी गाडी घेऊन आला. त्याला ती खाली करून हवी आहे, म्हणजे आखूड स्प्रिंगा टाकून जमिनीलगत बसवायची. शहरात पोरं हौसेनं करतात, इथं पहिल्यांदाच बघितलं.

मी त्याला समजावलं, की आधी झिजलेलं सगळं बदलू. बुश, बॉल जॉइंट, शॉकअप. जुन्या सामानावर आखूड स्प्रिंग टाकली तर गाडी दणके खाऊन मोडते. तो मान हलवत होता, पण लक्ष नव्हतं. पुढूनच खाली करा म्हणाला, मागून तर ती आधीच बसली आहे. खरंच, मागची डावी बाजू पार टेकली होती. पुढचा दिवा आणि बंपर मात्र कोरे करकरीत.

२२ मार्च

गाडी खोलली. मागची डावी स्प्रिंग तुटलेली नाही, वाकलेली नाही. काढून उजवीशेजारी उभी केली, दोन्ही सारख्या. तरी सगळं नवं बसवलं. रबरी बुश दाबून घालताना घाम निघाला. संध्याकाळी गाडी चारी बाजूंनी सारखी, झकास बसली. हेमराजभाऊंनी स्वतः माझ्यासाठी चहा आणला.

२३ मार्च

सकाळी शटर उघडलं, तर मागची डावी बाजू खाली.

नवा बुश चिंध्या होऊन बाहेर आलेला. कालचं रबर! वर्षानुवर्षं ओझं वाहिल्यासारखं फाटलंय. भाऊ म्हणाले, माल डुप्लिकेट असेल. असेल. पण जॅकवर उचलताना ती बाजू जड लागली. रिकामी गाडी इतकी जड नसते. मी मागचं दार उघडून बघितलं. सीटवर नवं कव्हर. डावीकडे दबलेलं.

२६ मार्च

होळीच्या सुट्टीनंतर पुन्हा बुश बदलायला खड्ड्यात उतरले होते. दुपार होती. बाहेर कुणीतरी आलं. खालून मला फक्त अनवाणी, धुळीनं भरलेले पाय दिसत होते.

डोमा नावाचे, जंगलातल्या गावचे. त्यांची बायको बुधरी मोह वेचायला गेली ती परत आली नाही. हेमराजभाऊ म्हणाले, वाघ फिरतोय त्या बाजूला, साऱ्यांनाच माहीत आहे.

"सारे तेच म्हणते," डोमा म्हणाले. "वाघ काचा फोडते का, भाऊ?"

रस्त्यावर सापडलेले दिव्याचे तुकडे त्यांनी दाखवले असणार.  भाऊ म्हणाले, अशी गाडी इथी आली नाई.

मी खड्ड्यातून बोलणार होते. पण डोमांचा आवाज पुन्हा येताच माझ्या डोक्यावर गाडी करकरली. उजवी बाजू दबली, डावी वर आली. आत कुणीतरी सीटवरून सरकत त्यांच्या बाजूच्या खिडकीशी गेल्यासारखं.

ते निघून गेले. गाडी हळूहळू परत डावीकडे बसली.

२७ मार्च

प्रफुलला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं. तो तिथंच खाली बसला.

बुधरी रस्त्यात आडवी आली, गाडीची धडक बसली. दवाखान्यात न्यायचं म्हणून त्यानंच तिला मागच्या सीटवर निजवलं. बोलत होती, घरच्यांचं नाव घेत होती. गाव जवळ आलं तशी त्याची हिंमत गेली. त्यानं गाडी वळवली आणि सागाच्या जंगलात रस्त्याखालच्या मोरीशी तिला उतरवून ठेवलं.

"जिती होती जी," म्हणाला. "मले वाटलं, कोणी ना कोणी पाहीन."

तेव्हापासून गाडी मागे बसलेली. मागं कोण आहे, असं रस्त्यानं लोक विचारायचे. म्हणून सगळीच खाली करायची होती. कुणाला फरक दिसू नये म्हणून.

आणि ते मी करून देत होते.

२८ मार्च

प्रफुल पळाला. फोन बंद. हेमराजभाऊ म्हणतात, गाडी मिलवर नेऊन सोड आणि तोंड मिटून राहा.  चावी माझ्याकडे आहे.

२९ मार्च

गाडी घेऊन डोमांच्या गावी गेले. सगळं सांगितलं. ते रडले नाहीत. मी म्हटलं, आधी पोलिसांत जाऊ. ते म्हणाले, पहिले तिले घरी आणू.

मी पुढचं दार उघडलं. ते मागे बसले. उजवीकडे. मी काही सांगितलं नव्हतं — डावी जागा सोडून बसले. वाटभर गोंडीत हळूहळू बोलत होते. माझ्याशी नाही.

२९, दुपार

मोरीशी आहोत. इंजिन बंद केलं आणि गाडी — मागून वर आली. दोन्ही बाजूंनी सारखी. माझं मनसुद्धा हलकं झालं. बुधरी उतरली, मला वाटलं. पोचली.

डोमाभाऊ खाली उतरून सागात गेलेत. मी गाडीतच आहे. स्टीअरिंगवर वही टेकवून लिहीत बसलेय —

लुगडं सापडलं म्हणून ओरडले. 

आता हाक मारताहेत. बुधरी. बुधरी गे.

ओ आली. बाईची. स्पष्ट.

जंगलातून नाही —

गाडी दबते आहे. मागून नाही. माझ्याच शेजारची सीट. ते दार तर इथं उघडलंच नव्ह