दारू मोजण्याबद्दल खुलासा

शारजा, ११ मे १९६७

लियाकतमामूंना भाचा हमदुल्लाचा अदबीने सलाम.

तुम्ही, मामी आणि घरची सगळी मंडळी अल्लाच्या मेहेरबानीने बाणकोटात खुशाल असाल. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या पत्रात एक ओळ गुडघ्याबद्दल होती आणि सव्वीस ओळी माझ्याबद्दल, त्यावरून गुडघ्याला उतार पडला असावा असं मी धरून चाललो आहे. इथे मी ठीक. खोली तीच, रोल्लाच्या वडामागची, आणि खोलीतला जोडीदारही तोच, श्रीवर्धनचा तय्यब.

त्या सव्वीस ओळींचं मूळ मला कळलं. तय्यबने बायकोला लिहिलं, बायकोने विहिरीवर सांगितलं, आणि विहिरीवरची बातमी तरीत बसून खाडी ओलांडून तुमच्या ओटीवर आली, की ‘हमदुल्ला रोज संध्याकाळी गोऱ्या साहेबाबरोबर बसून दारू मोजतो.’ मामू, बातमी शंभर टक्के खरी आहे. फक्त ती दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची आहे. तय्यबच्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, तीच तर त्याची बदमाशी. (तो आत्ता शेजारी कांदा चिरतोय आणि रात्रीचं जेवण त्याच्याच हातात आहे, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही.)

झालं असं. कॅम्पच्या स्टोअरमध्ये मी क्लार्क आणि माझ्यावर पिकरिंग साहेब, हे तुम्हाला ठाऊक आहेच. साहेबांना नेमबाजीचं वेड. शिकारीचं नव्हे, कागद मारण्याचं. (तुमच्यासारख्या रानडुकरं पाडणाऱ्या माणसाला हे लिहिताना मला शरम वाटते.) शंभर यार्डांवर एक कागद टांगायचा, पाच गोळ्या झाडायच्या आणि मग उन्हातून चालत जाऊन बघायचं की पाच भोकं एकमेकांना किती चिकटून बसली आहेत. याला ते ‘ग्रूप’ म्हणतात. ग्रूप जितका लहान तितका साहेबांचा चेहरा मोठा. विकतच्या काडतुसांत दारू कमीजास्त भरलेली असते, म्हणून प्रत्येक गोळी वेगळ्या मिजाशीने जाते असं त्यांचं म्हणणं; तेव्हा काडतुसं आपली आपण भरायची. स्टॉक रजिस्टरातलं माझं अक्षर बघून त्यांनी ठरवलं, की या माणसाचा हात हलत नाही. “हमदुल्ला, कल शाम से तुम तराजू पर,” म्हणाले. मी म्हटलं, “इन्शाल्ला, साहेब.” नाही कसं म्हणणार?

काडतूस भरणं म्हणजे काय, ते ऐका. उडवून झालेली पितळी टरफलं गोळा करून लख्ख घासायची. मग दाबयंत्रात घालून मूळ मापावर आणायची, बुडातली जळकी टिकली काढून नवी बसवायची. (पोरांच्या पिस्तुलाला असते तसलीच टिकली, पण हिचा राग खरा.) मग दारू तोलून आत ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. तोलण्याचं माप ग्रेन. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज, आणि साहेबांना त्याचा दहावा हिस्सा चुकलेलाही चालत नाही. तराजू इतका नाजूक की पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात, शारजात, दारं लावून, पंख्याविना दोन माणसं श्वास रोखून एका काट्याकडे बघताहेत आणि त्यातल्या एकाच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबतोय. मामू, ही दारू ज्याला मोजावी लागते, त्याला दुसरी प्यायची ताकदच उरत नाही.

नुसतं मोजून भागेना, तेव्हा साहेबांनी मला झाडायलाही शिकवलं. पहिल्या शुक्रवारी मी दोन्ही डोळे मिटून चाप ओढला. (एक मिटायचा असतो, हे नंतर कळलं.) साहेब ग्रूप इंचांत मोजतात, मी तय्यबच्या भांड्यांत. पहिला ग्रूप परातीएवढा, तोही कागदाबाहेरच्या दोन गोळ्या माफ केल्या तर. महिन्याने थाळीवर आलो, मग बशीवर. साहेब एकच सांगत: “चाप खींचो मत, दबाओ. आवाज से तुमको खुद ताज्जुब होना चाहिए.”

मध्ये एक प्रसंग घडला, आणि त्यात थोडा गुन्हा तुमचाही आहे. मार्चमध्ये मी टरफलं भरत असताना तय्यबने तुमचं पत्र आणून दिलं. तेच, ज्यात तुम्ही डुकराच्या मागे धावत जाऊन स्वतःच चिखलात रुतलात आणि चौघांनी ओढून काढलं तेव्हा गुडघा गेला. मी हसत हसत वाचलं आणि पुन्हा कामाला लागलो. शुक्रवारी चौथी गोळी झाडली, तर ठो नाही, नुसतं फुस्स. मी दुसरं काडतूस घालायला हात घातला, एवढ्यात साहेबांनी असा काही “स्टॉप!” ठोकला की रेंजवरचे सगळे जिथल्या तिथे थिजले. त्या काडतुसात दारूच नव्हती. टिकलीच्या जोरावर गोळी नळीत अर्धी शिरून अडकली होती. तिच्यामागे दुसरी झाडली असती, तर बंदूक माझ्या तोंडावर फुटली असती आणि हे पत्र तय्यबने लिहिलं असतं.

साहेबांनी पितळी गजाने गोळी ठोकून काढली. ओरडले नाहीत. उरलेली सेहेचाळीस काडतुसं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “खोलो. सब.” चार संध्याकाळी लागल्या. सगळी बरोबर निघाली. तेव्हापासून गोळी बसवण्याआधी प्रत्येक टरफलात टॉर्च मारून बघतो, आणि घरची पत्रं काम आटपल्यावर फोडतो.

आता गेल्या शुक्रवारची मॅच. स्टोअर विरुद्ध वर्कशॉप. वर्कशॉपतर्फे मुरुडचा हनीफ मेकॅनिक, हाताला ग्रीस, कानावर बिडी आणि काडतुसं विकतची. त्याने पाच गोळ्या अशा झाडल्या जशा कोणी कोंबड्यांना दाणे टाकावेत. मग मी. तुमच्या गळ्याची शपथ मामू, पाचही वेळा आवाजाने मला ताज्जुब वाटलं! कागद आणायला गेलो तर पाच भोकं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. तय्यब तमाशा बघायला आला होता. त्याने चहाचा पेला पालथा घातला आणि पाचही झाकली गेली. झाकून वर जागा उरली.

फक्त तो पेला कागदाच्या मधल्या काळ्या गोलावर नव्हता. वीतभर खाली, डाव्या कोपऱ्यात होता. आदल्या दिवशी जास्तीचा शहाणपणा करून मी बंदुकीवरच्या दुर्बिणीचा, नेम जुळवायचा स्क्रू उलटा फिरवून ठेवला होता. हनीफच्या दोन गोळ्या चुकून गोलात गेलेल्या. त्याला अकरा गुण, मला शून्य. खलास. हनीफला वर्कशॉपवाल्यांनी खांद्यावर घेतलं.

साहेबांनी मात्र पट्टी लावून माझा ग्रूप मोजला, पुन्हा मोजला, आणि कागदावर तारीख घालून सही केली. “स्क्रू कोई भी घुमा सकता है,” म्हणाले. “ऐसा ग्रूप बारह साल में मुझसे तीन ही बार हुआ.” तो कागद मी घडी घालून खिशात ठेवला.

मामींना सलाम. गुडघ्याला जपा, डुकरांना या साली माफ करा.

तुमचा भाचा,
हमदुल्ला

ता.क. तय्यब म्हणतो की त्याने ‘बंदुकीची’ असं लिहिलं होतं, बायकोने वाचताना गाळलं. मी विश्वास ठेवलेला नाही, पण कालवण चांगलं झालंय.

ता.क. २. आता खरं काम. ताजबींच्या मुलीसाठी, खतीजासाठी, तुम्ही माझ्या लग्नाचा शब्द टाकलात, आणि दारूचं ऐकून ताजबी ‘नको’ म्हणायला लागल्या, असं अम्मीने लिहिलंय. सोबत साहेबांच्या सहीचा कागद पाठवतोय. तो ताजबींना दाखवा, दारू कुठली ते समजवा आणि सांगा की पोराचा हात असा स्थिर आहे. काळ्या गोलाचा भाग मी कात्रीने कापून टाकलाय. त्याबद्दल तुम्ही स्वतःहून काही बोलू नका.

ता.क. ३. कापलेला तुकडा याच पाकिटात वेगळी घडी घालून ठेवलाय. तो मामींच्या हातून खतीजाला पोचवा. तिला दोन्ही तुकडे जोडून बघू दे, आणि शून्य गुण मिळाले हेही सांगा. मग ती जे म्हणेल ते मला मंजूर. फक्त लवकर कळवा. अम्मीचं पत्र आल्यापासून माझा हात हलतोय, आणि साहेब तराजू दुरुस्तीला पाठवायला निघालेत.