कॉर्लाखच्या दलदलीपाशी कुत्री का बसतात

मी, एल्स्पेथ मॉवॅट, वय एकाहत्तर, राहणार कॉर्लाख, परगणा केथनेस, धंदा पक्ष्यांच्या शिकारीची कुत्री तयार करणे, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. कुणी भरीस घातलेले नाही. उलट माझी भाची आयोना, ‘आत्या, एवढी कसली घाई?’ म्हणून माझ्या हातातले पेन काढून घेत होती. घाई का, ते पुढे येईल.

कलम एक. राहते घर, मागची कुत्र्यांची घरे आणि घरामागचा माळ आयोनाला द्यावा. बँकेत जे निघेल तेही तिचेच. माळावर दगडांची रास आहे, तिच्यापलीकडे पीट, म्हणजे जळणाची माती, खणायला किंवा मेंढ्या चारायला कुणाला जाऊ देऊ नये. पलीकडे हिरवे दिसते ते गवत नव्हे. खाली दलदल आहे आणि तिला तळ नाही असे माझे वडील सांगत. जी मेंढी आत गेली ती पुन्हा दिसली नाही.

कलम दोन. शिकवण्याचे सामान: लांब दोर, चामड्याचे पट्टे, कबुतरांचा पिंजरा. हे सगळे आयोनाने वापरावे. दोर ओला ठेवू नये. काठी या सामानात नाही, कारण माझ्याकडे काठी कधी नव्हतीच. हे मुद्दाम लिहीत आहे, वाचणाऱ्यांपैकी एकाला ते कळेल.

लॅक्लनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची शिंगाची शिट्टी मला कुणाच्या नावे करता येत नाही. ती त्याच्याबरोबर गेली. ते कसे, हे आयोनाला नीट ठाऊक नाही. तेव्हा ती जन्मलेली नव्हती आणि मी कधी बोलले नाही.

पक्ष्यांचे कुत्रे नुसते नाकाने चांगले असून भागत नाही. ग्राउझचा, म्हणजे माळावरच्या रानकोंबडीचा, वास लागला की ते जागच्या जागी गोठते. ते उपजतच असते, त्यात आपले कौतुक काही नाही. खरे शिक्षण त्यापुढचे. पक्षी पायातून फडफडत उठला, डोक्यावरून बार झाला, तरी कुत्र्याने जागा सोडायची नाही. याला आम्ही थिर होणे म्हणतो. तरण्या कुत्र्याला ते फार जड जाते, कारण सगळे अंग ‘धाव, धाव’ म्हणत असते. म्हणून आपण कुत्र्याला शिट्टीने खाली बसवायचे आणि आपणच पुढे जाऊन पक्षी उठवायचे. ते बसून राहिले तर परत येऊन मान खाजवायची. परत मात्र आलेच पाहिजे. कुत्रा त्या भरवशावर बसतो.

लॅक्लन सप्टेंबरात एका दुपारी फ्लोरा नावाच्या तरण्या कुत्रीला घेऊन माळावर गेला. मी घरासमोर चादरी वाळत घालत होते. त्याची शिट्टी मला ऐकू आली, बसवण्याची, एक लांब. मग समुद्राकडून धुके आले आणि चादरीसुद्धा दिसेनाशा झाल्या. बार झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पुरुषांना फ्लोरा सापडली. राशीजवळ बसली होती, पाठीवर दव साचलेले, तोंड दलदलीकडे. हाका मारल्या, मटण दाखवले, ती हलेना. त्याने बसवले होते, उठवायला तो आला नव्हता. शेवटी मी तिला शालीत गुंडाळून उचलून आणले. लॅक्लनचे काही मिळाले नाही, टोपीसुद्धा नाही.

मी रडले आणि मग कामाला लागले, कारण कुत्र्यांना दुखवटा कळत नाही. पुढच्या वर्षी एक अवखळ कुत्रा शिकायला आला होता. ससा दिसला की दोरासकट पळायचा. राशीजवळ त्याने पक्षी धरले, म्हणजे वासाने हेरून तो गोठला, मी शिट्टी तोंडाला लावली, आणि वाजवण्याआधीच तो बसला. सबंध थवा उठला. तो बसूनच राहिला. नजर माझ्याकडे नव्हती, दलदलीकडे होती. त्यानंतर त्या कुत्र्याने जन्मात कधी पक्ष्यामागे धाव घेतली नाही. त्याच्यामागून आलेला प्रत्येक कुत्रा तिथे तसाच बसला. न सांगता, एकाच बाजूला तोंड करून. तिथे एकदा नेले की काम झाले. माझे नाव झाले, लांबलांबचे जमीनदार कुत्री पाठवू लागले. मला मात्र त्या कौतुकाची लाज वाटे. शिकवणारी मी नव्हते.

कलम तीन, वॉटी स्वॉन्सनविषयी.

वॉटी पलीकडच्या खोऱ्यात माझाच धंदा करतो. माणूस कष्टाळू, जीभ घाण. गुरांच्या बाजारात, पाद्रीबाबांच्या देखत, तो म्हणाला होता, “एल्स्पेथची कुत्री थिर नसतात हो, धास्तावलेली असतात. काठीशिवाय असं होत नाही.” मी त्याला म्हटले, “तुझा सर्वांत द्वाड कुत्रा घेऊन ये, आणि माझ्या हातात काठी दिसली तर तिनंच मला मार.”

तो आला. राशीजवळ त्याचा कुत्रा बसला. मी लांब उभी होते, दोन्ही हात त्याला दिसतील असे धरून. मला वाटले, आता माफी मागेल. पण त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. तोंड पांढरे पडले होते.

“कोण वाजवतंय?” त्याने विचारले.

“काय?”

“शिट्टी. बसवायची. तुझा नवरा वाजवायचा तशी, शेवटी जरा फाटते ती.”

“कुठून?”

त्याने दलदलीकडे बोट केले. “तुला नाही आली ऐकू?”

मी कान देऊन उभी राहिले. वाऱ्याशिवाय काही नव्हते. आयुष्यभर बंदुका उडवून वॉटीचा एक कान गेलेला आहे. माझे दोन्ही शाबूत आहेत.

काठीच्या आरोपाचा राग मी त्याच दिवशी सोडून दिला. दुसरी गोष्ट मात्र सोडता आली नाही. लॅक्लन कुत्र्यांना शिट्टी घालतो, वॉटीला घालतो, आणि मी, जिने त्याची वाट पाहिली, तिला काही नाही. मी त्यावरून वॉटीशी बोलणे टाकले. बिचाऱ्याला कारणही कळले नसेल. आता कळेल.

कलम चार. टीझल ही माझी शेवटची तरणी कुत्री आयोनाला द्यावी. पण शिकवायला वॉटीकडे ठेवावी. ती अजून थिर नाही, आणि तेच या घाईचे कारण आहे.

या शरदात मी तिला राशीजवळ नेले. तिने पक्षी धरले, पक्षी उठले, आणि ती त्यांच्यामागे सुटली. बसली नाही. दलदलीच्या काठाशी मी तिला दोराने ओढून थांबवले, नाहीतर गेली असती. इतक्या वर्षांत तिथे न बसलेला हा पहिला कुत्रा. मी तिथे उभी राहिले आणि मला कळले की जागा रिकामी आहे. आपण एखाद्याच्या घरी जावे आणि दार ठोठावण्याआधीच कळावे की कुणी नाही, तसे.

परत येताना टीझल फाटकाशी बसली. न सांगता. नजर वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला. पक्ष्याचा मागमूस नव्हता. मी तिला उचलून आत आणले. पुढे एकदा ती अंगणात तशी बसली, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. मग उंबऱ्यावर. आयोना आली होती तेव्हा स्वयंपाकघरात, चुलीसमोर.

“आत्या, ही कुणाकडे बघतेय?” आयोनाने विचारले.

“माश्या असतील,” मी म्हटले.

“आत्या, ऑक्टोबर आहे.”

तिने ओटची भाकरी अर्धी टाकली आणि उजेड असतानाच घरी गेली. मी तिला दोष देत नाही. मला स्वतःला भीती वाटली का, तर हो, पहिल्या दिवशी वाटली. मग मी दोन माणसांपुरता चहा ठेवला, एकटीनेच प्याले, आणि कपाटातून कागद काढला.

कलम पाच. चर्चच्या आवारात लॅक्लनच्या नावाचा दगड आहे, खाली कुणी नाही. मला तिथे पुरावे. शेजारची जागा मोकळी ठेवावी, कुणाला विकू नये.

कलम सहा. हे कलम सह्यांच्या वेळी, भर दुपारी, माझ्या स्वयंपाकघरात जोडत आहे. साक्षीला पाद्रीबाबा यूअन मकाय आणि वॉटी स्वॉन्सन हजर आहेत. वॉटीला मीच निरोप धाडला होता. तो दाढी करून आला आहे.

पाद्रीबाबांनी नाव लिहिले. टीझल माझ्या खुर्चीशी बसली होती, नजर माझ्या खांद्याच्या वर. वॉटीने पेन टेकवले, आणि टीझल उठली. मी तिला उठवले नव्हते. शेपटी हलवत ती मागच्या दाराशी गेली आणि वळून माझ्याकडे पाहू लागली. वॉटीचे पेन कागदावर थांबले होते.

“काय झालं, वॉटी?” मी विचारले.

“काही नाही. शाई सुकली.”

“मी आत्ताच लिहिलं की त्यानं,” पाद्रीबाबा म्हणाले.

“मग थंडीनं धरली असेल.”

“वॉटी, कुठली वाजली? बसवायची, की बोलवायची?”

त्याने माझ्याकडे पाहिले. या माणसाने मला पंचवीस वर्षांत एक गोड शब्द दिलेला नाही. “काही वाजलं नाही, एल्स्पेथ,” तो म्हणाला. “तू बस. चहा मी करतो.”

तो खोटे बोलला हे मी इथे नोंदवते, आणि त्याच्याबद्दलचा माझा सगळा राग रद्द करते.

हेच माझे अखेरचे मृत्युपत्र. वर लिहिले ते सर्व मला मान्य.

ठिकाण: कॉर्लाख, केथनेस
तारीख: १९ ऑक्टोबर १९७८

सही: एल्स्पेथ मॉवॅट

साक्षीदार:
१. यूअन मकाय, पाद्री
२. वॉल्टर स्वॉन्सन, कुत्री शिकवणारा. कलम सहा वाचले. शाई ओलीच होती.