फिल्टर काढलेला कॅमेरा

३ फेब्रुवारी
रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायला कोणता कॅमेरा घ्यावा, काही ठरेना! कृष्णधवल घेतला तर चित्र सुरेख येतं, पण लाल, हिरवा, निळा असे फिल्टर बदलत तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपत बसायचं. रंगीत घेतला तर एका फटक्यात काम, पण बारकावे हातचे जातात. हिला विचारलं. "आधी गच्चीवरचे कपडे काढून आणा," म्हणाली.

८ फेब्रुवारी
तोडगा निघाला! घरातल्या जुन्या कॅमेऱ्याच्या पोटातच एक फिल्टर असतो. तेजोमेघांचा लाल प्रकाश तोच मेला अडवतो. काढून टाकला की झालं — नवा कॅमेरा घ्यायलाच नको.
दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, मग माणसांचे फोटो काढू नका हं. रंगांची वाट लागेल." माणसांचे फोटो काढतंय कोण!

१५ फेब्रुवारी
मृगातला तेजोमेघ आला. लालबुंद! सकाळी लेकीला दाखवला. "छान आहे बाबा. दात घासू आता?"

२० फेब्रुवारी
लेकीचं लग्न ठरलं! मुलाकडचे दुपारी येऊन गेले. मुलगा मोकळा, विहीणबाई बोलक्या. व्याही मात्र ताठ. मी पंखा लावला तर, "नको नको, राहू द्या!" केस मात्र काय दाट, काळेभोर — मला हेवाच वाटला. निघताना जावईबापू म्हणाले, "बाबा, तुमच्या कॅमेऱ्याने एक फोटो होऊन जाऊ दे." आनंदाच्या भरात काढला.

२१ फेब्रुवारी
फोटो मोठा करून पाहिला आणि घाम फुटला. सगळेच लालसर आलेत, ते एक वेळ चालेल. पण व्याह्यांच्या भुवया काळ्या आणि डोक्यावरचे केस चक्क वांग्याच्या रंगाचे! डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही आता आत शिरतो, त्यात नकली काळा रंग उघडा पडतो. टोप आहे तो!
ही हसून हसून खाली बसली. लेक रडकुंडीला आली. "ते केसांचा विषयसुद्धा काढू देत नाहीत, बाबा. हा फोटो तिकडे गेला तर माझं काही खरं नाही!"

२२ फेब्रुवारी
युक्ती केली. फोटो कृष्णधवल केला — टोप दिसेनासा! जावईबापूंना पाठवून दिला. शेवटी कृष्णधवलच कामाला आला!

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
हाय रे कर्मा. दोन्ही गेले. रंगीतही.

२३ फेब्रुवारी
तिकडून चकार शब्द नाही. लेक माझ्याशी बोलत नाही. फोन उचलतो, पुन्हा ठेवतो — काय बोलणार, कपाळ? माझ्या हौसेपायी पोरीचं लग्न मोडलं तर? खड्ड्यात गेला तो तेजोमेघ.

२४ फेब्रुवारी
आजही काही नाही. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी
व्याही आले. एकटेच. डोक्यावर काही नाही — तुळतुळीत टक्कल! दारातच म्हणाले, "फोटो बघून मुलगा हसत सुटला. म्हणे, बाबा, मला शाळेत असल्यापासून माहीत आहे! मीच एकटा लपवत बसलो होतो हो." आतून लेकीचं हसू फुटलं. माझे डोळेच भरून आले. ते खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "आता एक नीट फोटो काढा बघू. कॅमेरा तोच घ्या!"