घोरणाऱ्या बाईचं ऑपरेशन

२ डिसें. २००७
घनसावंगी. नणंदबाईच्या मुलाचं लग्न. जेवणं झाल्यावर नणंदबाईंनी मोबाईल काढला न् माझं घोरणं सगळ्यांना ऐकवलं. काल झोपेत भरून घेतलेलं. "वैनीचा ट्रॅक्टर ऐका गं, बिलकुल थांबत न्हाई!" बायका पदरात तोंड घालून हसल्या. सगळ्यात मोठ्यानं आमचे हे. किळस आली. ह्यांची. माझ्या घशाचीबी.

१० डिसें.
लेक सुमन बाळंतपणाला आलेली, अजून इथंच. शाळेत शिकवून आले, तिचं लेकरू मांडीवर घेतलं न् बसल्या बसल्या डोळा लागला. लेकरू घसरून फरशीवर. कपाळाला टेंगूळ. सुमन एवढंच म्हणाली, "आई, तू नको घेऊ आता." दुपारचे चार. भरदुपारी झोपणारी आई. शी.

२२ डिसें.
औरंगाबाद, घशाचे डॉ. रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी झाल्ती, आज रिपोर्ट. झोपेत श्वास थांबतो, पुन्हा पुन्हा. म्हणून दिवसा झोप. रोज रात्री तोंडाला मास्क लावून हवेची मशीन, न्हाईतर ऑपरेशन. पडजीभ न् टाळूचा मागचा भाग कापायचा.
"गॅरंटी?"
"तशी देता येत नाही."
मशीनला लाईट लागते. आमच्या बदनापूरला रात्री लोडशेडिंग. टेबलावर प्लास्टिकचा कापलेला घसा, लालभडक, वर धूळ. माझाबी तसलाच.

३० डिसें.
जालना. शाळेतल्या पठाणबाईंचे भाऊ, दोन वर्षांमागं हेच ऑपरेशन केलेले. चहा पिताना नाकातून थेंब आला. सवयीनं पुसला, ऑपरेशनपासनं असंच म्हणे. "पंधरा दिवस थूक गिळवत नव्हती, बाई. पर गाडी चलाताना डुलकी न्हाई आता." आतून त्यांची बायको, "घोरतेत की अजून!" माझा चहा तसाच राहिला. त्याची लाज वाटली.

६ जाने. २००८
ह्यांना विचारलं.
"करून टाक. चार लोकांत मान खाली घालायला नको."
"माझा श्वास थांबतो ते कळतं का तुम्हाला?"
"कळतं की. तेवढीच शांतता."
हसत म्हणाले. ताट तसंच सोडून उठले मी.

१८ जाने.
औरंगाबाद, दवाखाना. उपाशीपोटी, एकटीच. ह्यांना तारीख सांगितलीच न्हाई. सिस्टर म्हणाली, "नातेवाईकाची सही लागते, मॅडम. अकराच्या आत सांगा." फॉर्मवर ह्यांचं नाव लिहिलं. खोडलं. त्यांच्या सहीनं माझा घसा कापायचा? विचारलं, माझी मीच केली तर? "सरांना विचारते." गेलीय. चालतं म्हणाली, तर मी सही करणार का उठून स्टेशनवर जाणार, ते मात्र अजून ठरेना.