दाराखालून सरकवलेली बातमी

चिमे,

पेन खाली ठेव आणि आधी हे वाच. दार वाजवून पाहिलं, पण तुझ्या कानात कापसाचे बोळे आहेत, म्हणून दाराखालून सरकवतोय.

आजोबा सकाळी बाथरूममध्ये पडले. तुझी प्रवेश परीक्षेची सराव चाचणी चालू झाली होती, म्हणून त्यांनी हाक मारली नाही. पडल्या पडल्या बोटांनी बादली वाजवत राहिले. तुझ्या आईला वाटलं, नळ गळतोय.

तुझ्या बापाने अँब्युलन्स कोपऱ्यावरच थांबवली, सायरन बंद करायला लावला आणि स्ट्रेचरवाल्यांना बूट काढायला लावले. ती माणसं मोज्यांवर घसरत घसरत आजोबांना तुझ्या दारावरूनच घेऊन गेली. आजोबांनी मला कुजबुजत विचारलं, "पेपर सोपा आहे का रे?"

आता गंमत बघ. खऱ्या परीक्षेसारखं वाटावं म्हणून तुला बाहेरून कुलूप, आणि किल्ली तुझ्या बापाच्या खिशातून हॉस्पिटलात गेली; तुझी आईही त्याच्याबरोबर गेलीय. फोन लावला, तर त्याचा फोनही नियमाप्रमाणे तुझ्या फोनशेजारी कपाटात थरथरतोय.

पेपर संपेपर्यंत तुला कळता कामा नये, असं तो बजावून गेलाय. तरी सांगतोय, कारण अँब्युलन्समधल्या माणसाने माझ्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. तू त्यांना भेटायला हवंस.

चौकातल्या किल्लीवाल्याला घेऊन येतो. चप्पल घालून तयार राहा. रडायचं असेल तर मोठ्याने रड. आवाज करू नकोस म्हणणारं घरात आता कोणी नाही.

काका